कसर आणि जब्र : मोडलेल्या हाडाची गोष्ट

मराठीत आपण सहज म्हणतो, 'जूनमध्ये पाऊस कमी पडला, पण जुलैने कसर भरून काढली.' हा 'कसर' अरबीतून आला. अरबीत 'कस्र' म्हणजे मोडणं, तुटणं. उर्दू माध्यमातल्या मुलांना हा शब्द गणिताच्या पुस्तकात भेटतो, कारण अपूर्णांकाला उर्दूत 'कसर' म्हणतात. अरबी वैद्यकाच्या ग्रंथांत मात्र त्याचा अर्थ सरळ आहे : हाड मोडणं.

या 'कस्र'चा जोडीदार शब्द आहे 'जब्र'. उर्दूत आपण तो सक्ती, जुलूम या अर्थाने ओळखतो. 'मजबूर' त्याच घरातला. पण अरबीत 'जब्र'चा एक जुना अर्थ आहे मोडलेलं हाड जागेवर बसवणं, तुटलेलं सांधणं. हाड बसवणारा तो 'मुजब्बिर' आणि हाडाभोवती बांधायच्या कामट्या म्हणजे 'जबीरा'. ८२० च्या सुमारास बगदादमध्ये अल-ख्वारिज्मीने आपल्या गणिताच्या ग्रंथाच्या नावात 'अल-जब्र' हा शब्द घातला. समीकरणातल्या वजा पदाची तूट भरून काढायची, मोडकं पूर्ण करायचं, असा त्यामागचा विचार. त्यातून युरोपला 'अल्जेब्रा' मिळाला. स्पेनमध्ये तर 'अल्जेब्रिस्ता' म्हणजे हाडवैद्य हा अर्थ शेकडो वर्षं टिकून राहिला. सर्व्हांटिसच्या 'डॉन किहोते'च्या १६१५ साली आलेल्या दुसऱ्या भागात घोड्यावरून पडलेल्या सान्सोन कारास्कोवर उपचार करतो तो असाच एक अल्जेब्रिस्ता.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, म्हणून शब्दांपासून सुरुवात केली. पण हा लेख लिहायचं कारण शब्दांपुरतं नाही. आपल्या मोबाइलवर दोन प्रकारचे संदेश फिरतात. एकात लिहिलेलं असतं की शस्त्रक्रियेचा सगळा शोध मुसलमानांनी लावला आणि युरोपने तो चोरला. दुसऱ्यात लिहिलेलं असतं की आमच्या ऋषींना हे सगळं हजारो वर्षांपूर्वी ठाऊक होतं. दोन्ही संदेश वाचून लोक खूश होतात आणि मूल पडलं की कुठे न्यायचं याचा निर्णय मात्र अंदाजाने घेतात. मोडलेल्या हाडाचा खरा इतिहास या दोन्ही संदेशांपेक्षा मोठा आहे आणि जास्त उपयोगी आहे.

हाड मोडतं कसं, जुळतं कसं

हाड दगडासारखं दिसतं, पण ते दोन वेगळ्या स्वभावांच्या वस्तूंचं बनलेलं असतं. एक कोलॅजन नावाचं प्रथिन, दोरीसारखं चिवट. दुसरं कॅल्शियम आणि फॉस्फेटचं खनिज, खडूसारखं कडक. कोंबडीचं हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवलं की खनिज विरघळतं आणि हाड रबरासारखं वाकतं. तेच हाड चुलीत जाळलं की प्रथिन जळतं आणि बोटांनी दाबताच चुरा होतो. दोन्ही एकत्र असतात म्हणून आपण उभे राहतो. मुलांच्या हाडात चिवटपणा जास्त, म्हणून त्यांचं हाड पुष्कळदा ओल्या फांदीसारखं एका बाजूने चिरतं आणि दुसऱ्या बाजूने नुसतं वाकतं. म्हाताऱ्या माणसाचं विरळ झालेलं हाड न्हाणीघरात पाय घसरण्यानेही मोडतं.

मोडल्यावर जे घडतं ते नवल आहे. कातडी कापली तर भरून येते, पण व्रण राहतो. हाड व्रणाने जुळत नाही, हाडानेच जुळतं. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळतं. सूज येते आणि त्या सुजेबरोबर दुरुस्तीच्या पेशी येतात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत दोन्ही टोकांभोवती मऊ, कुर्चेसारखा सांधा तयार होतो. मग त्यात खनिज भरत जातं, तो घट्ट होतो आणि मोडल्या जागी गाठ लागल्यासारखी जाड दिसते. त्यानंतर महिनोन्‌महिने, कधी वर्षं, शरीर ती गाठ घासून मूळ आकाराजवळ आणतं. ज्या बाजूवर भार पडतो तिथे हाड वाढतं, जिथे पडत नाही तिथे झिजतं. हा नियम १८९२ साली यूलियस वोल्फ या जर्मन डॉक्टरने मांडला.

हाड जिवंत आहे, ते सतत बनत असतं, हे माणसाला कळलं तेही एका रंगामुळे. १७३६ साली लंडनच्या जॉन बेल्चियर या सर्जनच्या लक्षात आलं की कापड रंगवायच्या मंजिष्ठाचा चोथा खाणाऱ्या डुकरांची हाडं लाल होतात. फ्रान्समध्ये द्युआमेल द्यु मोन्सो याने प्राण्यांना काही दिवस मंजिष्ठ द्यायचं, काही दिवस बंद करायचं, असे प्रयोग केले. हाडात लाल आणि पांढरे थर आलटून-पालटून दिसले. म्हणजे हाड थरांनी वाढत होतं.

म्हणून हाड 'जोडतो' असं कोणी म्हटलं तर थोडं थांबून ऐकावं. जोडतं ते शरीर. हाडवैद्य असो की ऑर्थोपेडिक सर्जन, त्याची कामं तीन : टोकं समोरासमोर आणणं, ती हलू न देणं आणि या खटपटीत रक्तपुरवठा न तोडणं. हाडाचा सगळा इतिहास या तीन कामांचाच आहे.

कामट्यांचा लांब प्रवास

इजिप्तमधला एक पपायरस आहे. एडविन स्मिथ या अमेरिकन माणसाने १८६२ साली तो लक्सरला विकत घेतला, म्हणून त्याचं नाव त्या पपायरसला मिळालं. लिहिला गेला तो इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास, आणि तोही आणखी जुन्या मजकुराची नक्कल आहे. त्यात ४८ रुग्णांची टिपणं आहेत. डोकं, नाक, जबडा, गळ्याचं हाड, दंड. प्रत्येक टिपणात आधी तपासणी, मग निदान. निदानाचे शेवट तीनच : हा आजार मी बरा करीन, याच्याशी मी झुंज देईन, याच्यावर इलाज नाही. तिसरं वाक्य लिहिण्याचं धैर्य त्या अनाम वैद्याकडे होतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत 'भग्न' या विषयाला स्वतंत्र अध्याय आहेत. सांधा निखळण्याचे सहा प्रकार आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार तिथे सांगितले आहेत. घोड्याच्या कानासारखं तिरकं मोडलेलं ते 'अश्वकर्ण', भुगा झालेलं ते 'चूर्णित', नुसतं वाकलेलं ते 'वक्र'. झाडांच्या साली आणि बांबूच्या कामट्या बांधायच्या. पट्टी थंडीत सात दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी, एरवी पाच दिवसांनी बदलायची. सैल बांधलं तर सांधा स्थिर राहत नाही, फार घट्ट बांधलं तर सूज आणि वेदना होतात, हेही त्यात स्पष्ट आहे. लहानपणी सांधा एका महिन्यात स्थिर होतो, मध्यम वयात दोन, म्हातारपणी तीन. आजचा डॉक्टर वेगळ्या शब्दांत जवळजवळ हेच सांगतो.

अब्बासी काळात बगदादच्या बरमकी वजिरांनी हिंदुस्थानी वैद्यांना बोलावलं. मन्का नावाच्या वैद्याने सुश्रुताचं पुस्तक अरबीत समजावून दिलं आणि ते तिथल्या दवाखान्यात वापरलं गेलं, अशी नोंद दहाव्या शतकातल्या इब्न अल-नदीमच्या 'फिहरिस्त'मध्ये आहे. ग्रीक ग्रंथांचे अनुवादही त्याच शहरात होत होते. म्हणजे हाडाच्या बाबतीत 'आमचं' आणि 'त्यांचं' या वाटण्या त्या लोकांनी केल्याच नव्हत्या. ज्याच्याकडे इलाज, त्याचं पुस्तक.

इब्न सीनाच्या 'कानून'मध्ये मोडलेल्या हाडांचं मोठं प्रकरण आहे. पहिल्याच दिवशी कामट्या आवळू नयेत, सूज ओसरू द्यावी, असा त्याचा सल्ला. तिकडे स्पेनमध्ये, कुर्तुब्याजवळच्या मदीनत-अल-जहरामध्ये, अबुल कासिम अल-जहरावी (९३६ ते १०१३) याने 'अल-तसरीफ' हा तीस भागांचा ग्रंथ लिहिला. तिसावा भाग शस्त्रक्रियेचा, आणि त्याचा शेवटचा तिसरा हिस्सा पूर्णपणे 'जब्र'वर, म्हणजे मोडलेल्या हाडांवर आणि निखळलेल्या सांध्यांवर. जात्यावरची पिठाची धूळ अंड्याच्या पांढऱ्यात कालवून तो लेप हाडावर लावायची कृती त्यात आहे. या हिश्श्याच्या सुरुवातीलाच तो तक्रार करतो की ज्यांनी जुन्या विद्वानांचं एक पानही वाचलेलं नाही असे लोक हाड बसवायला पुढे होतात. बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने हा भाग लॅटिनमध्ये नेला. १३६३ साली ग्रंथ लिहिणारा फ्रेंच सर्जन गी द शोलियाक अल-जहरावीचा पुन्हा पुन्हा हवाला देतो. चोरी म्हणायची तर नाव घेऊन कोणी चोरी करत नाही.

इमामांपेक्षा डोळे मोठे

माझ्या मते या इतिहासातला सर्वांत मोठा प्रसंग कामट्यांचा नाही, पाहण्याचा आहे. अब्दुल लतीफ अल-बगदादी (११६२ ते १२३१) इजिप्तमध्ये असताना १२०० ते १२०२ या काळात तिथे भयंकर दुष्काळ पडला. नाईलला पूर आला नाही, माणसं रस्त्यात मेली. कैरोजवळ अल-मक्स इथे हाडांचा मोठा ढीग पडला होता. अब्दुल लतीफ तिथे गेला आणि हाडं हातात घेऊन पाहू लागला.

त्या वेळी हजार वर्षं वैद्यकात जालीनूसचा म्हणजे गॅलनचा शब्द शेवटचा होता. गॅलनने लिहिलं होतं की खालचा जबडा दोन हाडांचा, हनुवटीशी सांधलेला असतो. अब्दुल लतीफने दोन हजारांहून अधिक कवट्या पाहिल्या, दुसऱ्यांकडून पाहून घेतल्या. एकाही जबड्यात तो सांधा नव्हता. त्याने सरळ लिहिलं की जालीनूस कितीही थोर आणि काळजीपूर्वक असला तरी डोळ्यांनी दिसतं ते त्याच्यापेक्षा जास्त खरं.

आपण ज्याला 'आपला वारसा' म्हणतो, त्यात मला सर्वांत अभिमानाची जागा ही वाटते. अब्दुल लतीफने गॅलनचा अपमान केला नाही. त्याने त्याला वाचलं, मानलं आणि जिथे हाड वेगळं सांगत होतं तिथे हाडाचं ऐकलं. बापजाद्यांचा मान राखायचा तो असा.

प्लास्टर आणि मसह

महाराष्ट्रात 'प्लास्टर ऑफ पॅरिस' म्हटलं की गणेशमूर्ती आठवते. जिप्समचा दगड भाजला की त्यातलं पाणी उडतं. त्या भुकटीत पुन्हा पाणी घातलं की ती थोडी तापते आणि मिनिटांत दगड होते. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीखाली जिप्समच्या खाणी होत्या, म्हणून हे नाव. पण मोडलेल्या हाताभोवती जिप्सम ओतून तो कडक करायची रीत पूर्वेकडच्या देशांत आधीपासून होती. विल्यम ईटन या इंग्रजाने १७९८ साली उस्मानी सल्तनतीवरच्या आपल्या पुस्तकात तिचं वर्णन केलं आणि युरोपच्या डॉक्टरांचं लक्ष गेलं. मात्र ओतलेलं प्लास्टर जड होतं, आणि आत काय चाललंय ते कळत नसे.

१८५२ साली अँटोनियस मॅथाइसेन या डच लष्करी डॉक्टरने कापडी पट्टीत प्लास्टरची भुकटी चोळली. पट्टी भिजवायची, गुंडाळायची, झालं. आजही साधारण तेच करतात. जवळपास त्याच सुमारास रशियाच्या निकोलाय पिरोगोवला एका शिल्पकाराच्या कामाच्या जागी प्लास्टरमध्ये भिजवलेलं कापड पाहून हीच युक्ती सुचली. क्रिमियाच्या युद्धात, सेवास्तोपोलला, त्याने ती जखमी सैनिकांवर मोठ्या प्रमाणावर वापरली. पूर्वी ज्यांचे पाय सरळ कापले गेले असते त्यातले कित्येक पाय वाचले.

इथे आपल्या घरातला एक प्रश्न येतो. प्लास्टर घातलेला माणूस वुजू कसा करणार? फिकहच्या पुस्तकांत याचं उत्तर प्लास्टरच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि त्या मसल्याचं नावच 'जबीरा'वरून आहे. कामटी किंवा पट्टी सोडली तर इजा होणार असेल तर ती सोडायची नाही, तिच्यावरून ओला हात फिरवायचा. त्याला मसह म्हणतात. चामडी मोज्यांवरच्या मसहला मुदत आहे, घरी असलेल्याला एक दिवस-रात्र, मुसाफिराला तीन. जबीऱ्याला मुदत नाही. हाड जुळेपर्यंत. फुकहांनी हाडाला त्याचा वेळ दिला, वेळापत्रक दिलं नाही.

याच्या शेजारी अबू दाऊदच्या हदीस-संग्रहातला एक प्रसंग ठेवावासा वाटतो. सफरीत एका माणसाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. त्याला गुस्लची गरज पडली. सोबत्यांनी सांगितलं, तुला सवलत नाही. त्याने पाणी घेतलं आणि तो मेला. ही खबर पैगंबर साहेबांपर्यंत पोहोचली तेव्हा ते त्या सोबत्यांवर फार नाराज झाले. ठाऊक नव्हतं तर त्यांनी विचारायला हवं होतं, न जाणण्यावरचा इलाज विचारणं हाच आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. जखमी माणसाबद्दल अंदाजाने हुकूम देणं किती महाग पडतं, हे यापेक्षा स्पष्ट कुठे सांगितलंय?

उघडी जखम आणि आतलं चित्र

हाड कातडी फाडून बाहेर आलं तर १८६५ पर्यंत त्याचा अर्थ पुष्कळदा एकच असे : अवयव कापा, नाहीतर माणूस सडून मरेल. त्या वर्षी ऑगस्टमध्ये ग्लासगोत अकरा वर्षांच्या मुलाच्या पायावरून गाडीचं चाक गेलं. नडगी मोडली, जखम उघडी होती. जोसेफ लिस्टर यांनी जखमेवर कार्बॉलिक ॲसिडमध्ये भिजवलेलं कापड ठेवलं. जखम सडली नाही. सहा आठवड्यांत हाड जुळलं. १८६७ साली त्यांनी असे रुग्ण छापून जगापुढे ठेवले. जंतू दिसत नसले तरी ते आहेत असं धरून चालल्याने पाय वाचले.

हाड मात्र अजून कोणी जिवंत शरीरात पाहिलं नव्हतं. सगळं बोटांनी चाचपून. त्यातही कसब असं की डब्लिनच्या अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली मनगटाजवळच्या मोडीचं जे वर्णन केलं, ते आजही त्यांच्याच नावाने शिकवतात. हात टेकून पडलेल्या आज्यांना होतं ते हेच.

८ नोव्हेंबर १८९५ ला जर्मनीतल्या वुर्झबुर्गमध्ये विल्हेल्म राँटगेन यांना काळ्या कागदाने झाकलेल्या नळीतून निघणारे अनोळखी किरण सापडले. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नी बर्था यांच्या हाताचं चित्र घेतलं : हाडं आणि अंगठी. कॅल्शियम हे किरण जास्त अडवतं, मांस कमी अडवतं, म्हणून हाड पांढरं उमटतं. राँटगेन यांनी पेटंट घेतलं नाही. परिणाम असा की ३ फेब्रुवारी १८९६ ला, म्हणजे दीड महिन्यात, अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाच्या मोडलेल्या मनगटाचं चित्र काढलं गेलं. त्याला वीस मिनिटं हात स्थिर ठेवावा लागला. १९०१ चं भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल राँटगेन यांना मिळालं.

उपखंडात हे यंत्र लवकर आलं आणि आलं ते फौजेबरोबर. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत, आजच्या खैबर भागात, सर्जन-मेजर वॉल्टर बीव्हर यांनी आफ्रिदी पठाणांच्या गोळ्यांनी जखमी झालेल्या सैनिकांची क्ष-किरण चित्रं घेतली. कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी स्वतः जुळवलेल्या साधनांवर हेच काम केलं. पण या उजेडाची किंमत माणसांनी मोजली. सुरुवातीच्या काळात हे किरण हाताळणाऱ्या कित्येकांची बोटं झडली. एडिसनचे सहायक क्लॅरेन्स डॅली १९०४ साली त्यातच गेले. आजचा फोटो काढणारा तंत्रज्ञ भिंतीआड उभा राहतो तो त्यांच्यामुळे.

क्ष-किरणांनाही सगळं दिसत नाही. मनगटातल्या होडीच्या आकाराच्या छोट्या हाडाची चीर पहिल्या दिवशी पुष्कळदा दिसत नाही, दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढावा लागतो. जुळण्याच्या सुरुवातीचा मऊ सांधाही फोटोत उमटत नाही, म्हणून दोन आठवड्यांनी 'काहीच जुळलं नाही' असं वाटून घाबरू नये. एकाच बाजूचा फोटो फसवतो, म्हणून समोरून आणि कडेने असे दोन काढतात. ही कसर पुढे दुसऱ्या यंत्रांनी भरली. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनवर पहिला रुग्ण तपासला गेला. किरण सगळ्या बाजूंनी सोडून शरीराचा काप दाखवणारं हे यंत्र. नंतर चुंबकाच्या जोरावर चालणारं एमआरआय आलं. हाडाच्या आतल्या मगजाला आलेली सूजसुद्धा त्यात दिसते.

घट्ट पट्टी

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतला सातवीचा एक मुलगा चिंचेच्या झाडावरून पडला. कोपराच्या जरा वर हाड मोडलं. घरच्यांनी त्याच संध्याकाळी ओळखीच्या हाडवैद्याकडे नेलं. कामट्या, वर घट्ट पट्टी. रात्रभर तो रडला. मोडलंय म्हटल्यावर दुखणारच, असं सगळे म्हणाले. दुसऱ्या दिवशी बोटं सुजली, मग बधिर झाली. बधिर झाली म्हणजे दुखायचं थांबलं, म्हणून घरात थोडा दिलासाच वाटला. चौथ्या दिवशी रुग्णालयात पट्टी कापली तेव्हा फार उशीर झाला होता. हाड पुढे उत्तम जुळलं. पण त्याच्या उजव्या हाताची बोटं आजही पूर्ण उघडत नाहीत. त्याने डाव्या हाताने लिहायला शिकून दहावी पूर्ण केली.

याला नाव आहे. १८८१ साली जर्मन सर्जन रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी लिहिलं की फार घट्ट पट्टीने रक्त अडतं, स्नायू मरतात आणि हात पंजासारखा आखडतो. लक्षात घ्या, ते हाडवैद्यांबद्दल लिहीत नव्हते, डॉक्टरांच्याच पट्ट्यांबद्दल लिहीत होते. हा धोका पक्क्या प्लास्टरमध्येही असतो. म्हणून प्रश्न कोणाच्या पाटीवर काय लिहिलंय याचा नाही. पट्टी कामट्यांची असो की प्लास्टरची, तिच्यानंतर वेदना वाढतच गेली, बोट सरळ करताना जीव जाईल इतकं दुखलं, बोटं पांढरी किंवा निळी पडली, मुंग्या येऊन बधिर झाली, तर सकाळची वाट पाहायची नाही. त्याच तासाला रुग्णालयात जायचं. स्नायू काही तासांतच मरतात.

लोक हाडवैद्याकडे का जातात हे मला माहीत आहे. रुग्णालय लांब असतं, रांग लांब असते, बिलाची भीती असते. हाडवैद्य वेळेला भेटतो, नाव घेऊन बोलतो, पाठीवर हात ठेवतो. ही माणुसकी खोटी नाही, तिच्याबद्दल टिंगल करणाऱ्यांत मी नाही. पण या माणुसकीला पुढे जायचा रस्ता असतो, आणि तो एका कुटुंबाने चालून दाखवला आहे. वेल्समधल्या अँगलसी बेटावर थॉमस घराणं पिढ्यान्‌पिढ्या हाडं बसवत असे. त्या घराण्यातल्या ह्यू ओवेन थॉमस (१८३४ ते १८९१) यांनी वैद्यकाचं रीतसर शिक्षण घेतलं, लिव्हरपूलच्या गोदी कामगारांवर इलाज केले आणि मांडीचं हाड ताणून स्थिर ठेवणारी एक लोखंडी चौकट बनवली. त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी १८९६ सालीच, फेब्रुवारीत, एका मुलाच्या मनगटात रुतलेला छर्रा क्ष-किरणांनी शोधून घेतला. पहिल्या महायुद्धात मांडीचं हाड गोळीने मोडलेले बहुतेक सैनिक सुरुवातीला मरत होते. जोन्स यांच्या आग्रहाने थॉमस यांची चौकट आघाडीवर पोहोचली, तेव्हा मरणाऱ्यांचं प्रमाण दर पाचांत एकाच्या आसपास आलं. हाडवैद्याच्या घरातलं कसब आणि रुग्णालयातलं शास्त्र एका माणसात आलं की काय होतं, त्याचा हा हिशेब.

आपल्याकडेही जर्राह होते, हाडवैद्य होते, त्यांच्या बोटांत खरं कसब होतं. त्यांच्या मुलींनी आणि मुलांनी ऑर्थोपेडिक्स शिकावं, फिजिओथेरपी शिकावी, क्ष-किरण तंत्रज्ञ व्हावं, यात घराण्याची परंपरा मोडत नाही. उलट इथेच ती जुळते. अल-जहरावी अडाणी हाडवैद्यांवर चिडला होता. वाचणाऱ्या हाडवैद्यासाठी तर त्याने पुस्तक लिहिलं.

म्हणून पुढच्या वेळी मोबाइलवर 'आमच्या पूर्वजांना सगळं माहीत होतं' असा संदेश आला, तर तो पुढे पाठवण्याआधी अब्दुल लतीफला आठवा. त्याला सगळं माहीत नव्हतं. म्हणून तो हाडांच्या ढिगापाशी गेला. आणि घरात कोणी पडलं, हात सुजला, तर आधी फोटो काढा. फोटो झाल्यावर पट्टी कुणी बांधली यापेक्षा बोटं हलतात का, रंग कसा आहे, हे रात्री दोनदा उठून पाहा. बाकीचं काम हाड स्वतः करतं, त्याला फक्त सरळ जागा, शांतता आणि रक्त लागतं. आणि घरात विडी-सिगारेट ओढणारा जखमी असेल तर त्याला सांगा, निदान जुळेपर्यंत सोड. धुराने हाड उशिरा जुळतं.